बोन्साय: आधी खोड, मग कुंडी

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत वाढवलेले आणि मोठ्या झाडाचे रूप दिलेले झाड. शब्द जपानी आहे. ‘बोन’ म्हणजे पसरट भांडे आणि ‘साय’ म्हणजे लावलेले रोप. ही कला मुळात चीनमधील असून तिथे तिला पेंजिंग म्हणतात. जपानमध्ये तिला आजचे रूप मिळाले. बोन्सायसाठी वेगळी बुटकी जात नसते. पारावरचा वड आणि कुंडीतला फूटभर उंचीचा वड यांत वाणाचा काहीही फरक नाही. मुळे व शेंडे ठरावीक काळाने छाटल्यामुळे झाड लहान राहते, एवढेच.

झाडाला उपाशी ठेवून ते खुंटवले जाते, असा समज अनेक घरांत आहे. त्यामुळे ‘खुंटलेला वड दारात नको’ असेही ऐकू येते. प्रत्यक्षात बोन्सायला खत, पाणी आणि ऊन नियमित लागते. आजारी, उपाशी झाडावर छाटणी केली तर ते फुटत नाही, मरते. डाळिंब किंवा द्राक्षाची छाटणी ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

कृषी विस्तार कार्यकर्त्यांना आणि बचत गटांना अलीकडे बोन्सायबद्दल बरेच प्रश्न विचारले जातात. ‘वर्षभरात बोन्साय तयार करा आणि घरबसल्या कमवा’ अशा जाहिरातीही दिसतात. वर्षभरात उथळ कुंडीत लावलेले रोप तयार होते, बोन्साय नाही. हा फरक खोडात असतो.

खोड जमिनीत जाड होते

बोन्साय पाहताना नजर आधी खोडाच्या बुंध्यावर जाते. बुंधा जाड, वर निमुळते होत गेलेले खोड आणि मातीला धरून चहूबाजूंनी पसरलेली मुळे, या तीन गोष्टी असतील तर झाड लहान असूनही जुने वाटते. ढोबळ प्रमाण असे, की झाडाची उंची बुंध्याच्या जाडीच्या साधारण सहा पट असावी. म्हणजे ३० सेंमी उंचीच्या झाडाचा बुंधा ५ सेंमी जाड हवा.

आता अडचण अशी, की खोडाची जाडी वाढते ती वर भरपूर पाने आणि खाली भरपूर मुळे असतील तेव्हा. उथळ कुंडीत दोन्हींवर मर्यादा येते. काडीएवढे रोप सरळ बोन्सायच्या कुंडीत लावले तर ते पाच-सहा वर्षांनीही जवळपास काडीच राहते. म्हणून आधी जमिनीत खोड तयार करायचे आणि मग कुंडीत आणायचे. शहरातील हौशी माणसाकडे गच्ची असते, जमीन नसते. तुमच्याकडे बांध आहे, परसबाग आहे, विहिरीजवळचा रिकामा कोपरा आहे. बोन्सायमध्ये शेतकऱ्याचे खरे भांडवल हेच आहे.

जमिनीत लावताना रोपाचे सोटमूळ कापावे आणि बाजूची मुळे चहूकडे पसरून रोप एखाद्या फरशीच्या तुकड्यावर किंवा कौलावर बसवावे. वर १० ते १५ सेंमी माती टाकावी. फरशीमुळे मूळ खोल न जाता आडवे पसरते आणि पुढे काढताना झाड सहज निघते. दोन रोपांत दोन ते तीन फूट अंतर पुरते. यानंतर दोन हंगाम रोपाला मोकळे वाढू द्यावे. शेंडा सहा-आठ फूट गेला तरी हात लावू नये. तीच पाने बुंधा जाड करत असतात.

बुंधा हव्या त्या जाडीच्या जवळ आला की खोड कापावे. कापण्याची उंची अंतिम झाडाच्या साधारण एक तृतीयांश ठेवावी. काप तिरका घ्यावा आणि त्याच्या वरच्या टोकाशी एक जोमदार डोळा किंवा फुटवा येईल असे पाहावे. हा फुटवा पुढचा शेंडा होतो. तो खाली असलेल्या खोडाच्या निम्म्याहून जाड झाला की तोही वरून कापून पुढचा फुटवा घ्यावा. असे दोन-तीन वेळा केल्यावर खोड वर निमुळते होते आणि प्रत्येक कापाशी थोडे वळणही आपोआप येते. बुंध्याजवळची एखादी फांदी मुद्दाम लांब वाढू दिली तर तिच्या खालचा भाग लवकर जाड होतो. काम झाले की ती फांदी काढून टाकावी. बाकीचे फुटवे मात्र एकाच ठिकाणी गुच्छाने येऊ देऊ नयेत, तिथे खोडाला बेढब गाठ येते.

वड, नांदरुक, उंबर यांना या रीतीने चार ते सहा वर्षे द्यावी लागतात. जेडला निम्मा वेळ पुरतो. घाई करायची असेल तर बोन्सायच्या वाटेला जाऊच नये.

कोणती झाडे घ्यावीत

जपानी पुस्तकांत देवदार, पाइन, जुनिपर आणि मेपल भेटतात. त्यांना थंडीतील विश्रांती लागते. सोलापूर किंवा अकोल्यात ती मिळत नाही. जुनिपर काही जाणकार पुण्या-नाशिककडे वाढवतात, पण सुरुवातीचे झाड म्हणून ते घेऊ नये.

आपल्याकडे सर्वांत भरवशाचे म्हणजे वडवर्गीय. त्यातही नांदरुक पहिले, कारण त्याचे पान मुळातच लहान, मुळांची छाटणी सहन करण्याची ताकद मोठी आणि पारंब्याही सुटतात. वडाचे पान मोठे असते, त्यामुळे वडाचा बोन्साय फार लहान करू नये. दीड-दोन फूट उंचीला तो शोभतो. पिंपळाच्या फांद्या विरळ सुटतात आणि दाट डोलारा करायला वेळ लागतो. चिंच व विलायती चिंच यांची पाने बारीक असल्याने लहान झाडही खरे वाटते. बोगनवेल, करवंद, डाळिंब, कामिनी आणि चिक्कू यांची फुले-फळेही मिळतात. लक्षात ठेवावे, छाटणीने पाने लहान होतात, फळे होत नाहीत. मोठ्या फळाचे डाळिंब हातभर झाडावर विचित्र दिसते, शिवाय फांदी वाकते. शोभेची बारीक फळाची डाळिंबे मिळाली तर ती घ्यावीत. आंब्याची पाने लांब आणि पेरांतील अंतर मोठे, म्हणून तो टाळलेला बरा.

रोपे मिळवण्याचे मार्ग अनेक आहेत. जुन्या विहिरीच्या कठड्यावर, घराच्या भिंतीत, कौलांच्या फटीत उगवलेले वड-पिंपळ लोक नाहीतरी उपटून टाकतात. त्यांची मुळे फटीत चेपून आधीच वेडीवाकडी झालेली असतात, ती उत्तम सामग्री. मात्र वनक्षेत्रातून, देवराईतून किंवा रस्त्याकडेची झाडे उपटू नयेत. वनजमिनीतून विनापरवाना रोप काढणे हा गुन्हा आहे, आणि मालकीच्या जमिनीतीलही काही जातींची मोठी झाडे तोडण्यास परवानगी लागते. आपल्या भागात काय नियम आहे ते वन विभागाकडे विचारून घ्यावे.

डाळिंबाची काढलेली बाग

डाळिंब पट्ट्यातील शेतकऱ्यांसाठी हा भाग थोडा सविस्तर लिहितो. जुनी बाग काढताना आठ-दहा वर्षांची खोडे सरपणाला जातात. डाळिंबाचे खोड वयाबरोबर पिळदार आणि खाचखळग्यांचे होते, आणि बोन्सायमध्ये या पिळाला फार मान आहे. बुंध्यावर मनगटाएवढी जाडी तयारच असते. म्हणजे वर सांगितलेली चार-सहा वर्षे वाचतात.

पण कोणती खोडे घ्यायची हे आधी ठरवावे. बाग मर रोगाने काढली असेल तर एकही खोड घेऊ नये. खोड आडवे कापून पाहावे. आतील लाकडावर तपकिरी-काळपट डाग किंवा पट्टे दिसले तर ते जाळून टाकावे. मुळे धुऊन पाहावीत, गाठी असतील तर सूत्रकृमीचा प्रादुर्भाव आहे. असे खोड घराशेजारच्या रोपवाटिकेत आणणे म्हणजे रोग स्वतः वाहून आणणे. तेल्याच्या बागेतील फांद्यांवर काळपट चट्टे व चिरा असतात. ही खोडेही दुसऱ्या डाळिंब बागेजवळ नेऊ नयेत. उत्पादन परवडत नाही म्हणून, किंवा वाण बदलायचा म्हणून काढलेली निरोगी बाग असेल तरच या कामाला हात घालावा.

योग्य वेळ म्हणजे ताणाचा शेवट. आंबे बहारासाठी ताण दिलेल्या बागेत जानेवारीच्या सुमारास पाने गळालेली असतात आणि डोळे अजून फुटलेले नसतात. पाने नसल्यामुळे झाडातून पाणी उडत नाही आणि लाकडात अन्नसाठा भरलेला असतो. खोड ३० ते ४५ सेंमी उंचीवर कापावे. बुंध्यापासून फूटभर अंतरावर गोल चर खणून जाड मुळे धारदार करवतीने कापावीत आणि बुंध्याजवळची तंतुमुळे जमेल तितकी राखावीत. कापलेल्या जागी १० टक्के बोर्डो पेस्ट लावावी. मुळे ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावावीत. उन्हात तासभर उघडी राहिली तरी तंतुमुळे जातात.

लावण्यासाठी जुने घमेले किंवा लाकडी खोके चालते, फक्त तळाला भरपूर छिद्रे हवीत. भरण म्हणून जाडसर धुतलेली वाळू आणि विटांचे बारीक तुकडे घ्यावेत, शेणखत घालू नये. खोड हलू नये म्हणून तारेने घमेल्याला बांधावे. हलणाऱ्या खोडाची नवी मुळे तुटत राहतात. वर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी सैल घालून झाड ५० टक्के शेडनेटखाली ठेवावे.

तीन-चार आठवड्यांत खोडावर लालसर फुटवे दिसतात आणि इथेच सर्वाधिक झाडे मरतात. फुटवे आले म्हणजे झाड लागले, असे समजून पिशवी काढली जाते, झाड उन्हात ठेवले जाते, खतही दिले जाते. हे पहिले फुटवे खोडातील साठलेल्या अन्नावर येतात. मुळे त्या वेळी सुटलेलीच नसतात. आठवडाभरात फुटवे माना टाकतात. म्हणून फुटव्यांची पहिली पालवी पक्व होऊन दुसरी वाढ सुरू होईपर्यंत झाड जागचे हलवू नये. पिशवीला आधी छिद्रे पाडून, हळूहळू वाढवून, मगच ती काढावी. पहिल्या वर्षी एकही फांदी छाटू नये, तार लावू नये.

उभ्या निरोगी बागेतूनही सामग्री मिळते, गुटी कलमाने. डाळिंब उत्पादकाला गुटी शिकवायची गरज नाही, फक्त फांदी निवडताना नजर बदलावी लागते. रोपासाठी पेन्सिलीएवढी सरळ काडी घेतो; इथे दोन ते चार सेंमी जाडीची, वळण असलेली आणि खाली फाटे असलेली फांदी घ्यावी. पावसाळ्याच्या सुरुवातीला फांदीच्या जाडीएवढ्या रुंदीची सालीची कडी काढून ओले शेवाळ बांधावे. जाड फांदीला मुळे सुटायला दोन-तीन महिने लागतात. गुटीची मुळे कापाभोवती गोलाकार सुटतात, त्यामुळे बुंध्याशी मुळांची बैठक आयतीच छान मिळते. हीच रीत वडवर्गीय झाडांनाही लागू पडते.

माती: काळी नको

बोन्साय मरण्याचे कारण बहुधा पाणी, आणि पाण्याचे दुखणे बहुधा मातीत असते. शेतातील काळी माती पिकाला कितीही चांगली असली तरी उथळ कुंडीत ती घालू नये. ओली झाली की फुगते व हवा बंद करते, वाळली की आकसून तडकते आणि तंतुमुळे तोडते.

उथळ भांड्याची एक गंमत समजून घ्यावी. निथरल्यानंतरही कोणत्याही कुंडीच्या तळाशी एक संपृक्त थर राहतो. त्या थराची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नाही. तोच थर एक फुटाच्या कुंडीत तळाला पडून राहतो आणि तीन इंचांच्या कुंडीत निम्मी जागा व्यापतो. गटाच्या बैठकीत हे दाखवायचे असेल तर भिजवलेला आयताकृती स्पंज घ्यावा. आडवा धरल्यावर थोडे पाणी गळून थांबते; तोच स्पंज उभा केला की पुन्हा धार लागते. कुंडी उथळ म्हणजे पाणी लवकर निघते, हा समज यानंतर कोणाचाही राहत नाही. माती जाड कणांची ठेवली तर हा थर पातळ होतो. उपाय तेवढाच आहे.

भट्टीच्या भाजलेल्या विटांचे तुकडे कुटून दोन चाळण्यांतून काढावेत आणि ३ ते ५ मिमी आकाराचे खडे ठेवावेत. बारीक भुकटी पूर्णपणे काढून टाकावी, सगळी मेहनत या भुकटीमुळे वाया जाते. असे खडे दोन भाग, चाळलेली पोयटा माती एक भाग आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत एक भाग हे मिश्रण बहुतेक झाडांना चालते. कोकणात पाऊस फार, तिथे विटेचे किंवा जांभ्याचे खडे तीन भाग करावेत. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात खत-मातीचा वाटा थोडा वाढवता येतो. जेड आणि अडेनियमला चार भागांत तीन भाग खडेच द्यावेत.

मिश्रण जमले की नाही ते कुंडीत भरून पाणी ओतून पाहावे. पाणी वर न साचता काही सेकंदांत मुरले आणि लगेच खालच्या छिद्रांतून आले तर ठीक. डबके राहिले तर पुन्हा चाळावे.

कुंडीत बसवणे आणि मुळांची छाटणी

कुंडीची खोली बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, हे सर्वसाधारण प्रमाण. फळझाडांना व नवशिक्यांना थोडी खोल कुंडी सोयीची. सिमेंटची कुंडी असेल तर आठवडाभर पाण्यात बुडवून, पाणी बदलत ठेवून मगच वापरावी, म्हणजे चुन्याचा अंश निघून जातो. छिद्रांवर नायलॉनची जाळी आणि झाड बांधायला तळातून काढलेली तार, या दोन गोष्टी विसरू नयेत.

वेळ झाडानुसार पाळावी. पुस्तकांतील जपानी वेळापत्रक आपल्याकडे जसेच्या तसे चालत नाही. वडवर्गीय झाडे उष्णतेत वाढणारी आहेत. त्यांची मुळे थंडीत छाटली तर भरून यायला फार वेळ लागतो. त्यांना जूनमध्ये, हवेत दमटपणा आल्यावर, किंवा पाण्याची व सावलीची सोय असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कुंडी बदलावी. डाळिंब आणि चिंच यांची पानगळ झाल्यावर, नवी पालवी फुटण्याआधी. बोगनवेलीची मुळे नाजूक, तिचा गोळा फार मोडू नये. अडेनियम उन्हाळ्याच्या तोंडावर काढावे, मुळे दोन-तीन दिवस सावलीत सुकवून लावावे आणि पावसात उघड्यावर ठेवू नये. त्याचा गड्डा सडतो.

छाटताना काडीने माती सोडवून बाहेरची व तळाची एक तृतीयांश मुळे काढावीत. खाली जाणारी जाड मुळे आधी कापावीत, आडवी पसरलेली राखावीत, एकमेकांवरून गेलेली मोकळी करावीत. मुळे कमी केली त्या प्रमाणात पानेही कमी करावीत. नंतर झाड घट्ट बांधून, काडीने माती मुळांत सारून पोकळी बुजवावी आणि खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत बारीक झारीने पाणी द्यावे. दोन-तीन आठवडे सावली, महिना-दीड महिना खत बंद. वडवर्गीयांना हे दर दोन-तीन वर्षांनी करावे लागते. कुंडीत पाणी मुरायला वेळ लागू लागला किंवा झाड वर उचलल्यासारखे दिसले की मुळे भरली असे समजावे.

तार आणि वळण

अ‍ॅल्युमिनियमची तार १ ते ५ मिमी जाडीत मिळते. फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश जाडीची तार घ्यावी. ती बुंध्याला किंवा दुसऱ्या फांदीला आधी पक्की अडकवावी आणि ४५ अंशांच्या कोनात सारख्या वेढ्यांनी गुंडाळत न्यावी. ज्या बाजूला फांदी वळवायची त्याच बाजूला वेढे हवेत. वळणाच्या बाहेरच्या अंगावर तार आली तर फांदी फाटत नाही. दोन्ही अंगठे वळणाच्या आत टेकवून हळूहळू वाकवावे. एकाच दिवशी पूर्ण वळण देण्याची गरज नसते.

वडवर्गीयांच्या फांद्या लवचीक असतात, त्यामुळे पहिला हात त्यांवर बसवावा. बोगनवेल व डाळिंबाचे पक्के लाकूड कडक होऊन मोडते, तिथे फक्त कोवळ्या फुटव्यांना तार लावावी. जेडच्या फांद्या पाण्याने भरलेल्या असतात. तार लावण्याआधी दोन-तीन दिवस पाणी तोडले तर त्या कमी मोडतात.

पावसाळ्यात नांदरुकाची फांदी झपाट्याने जाड होते आणि तार सालीत रुतते. हे व्रण वर्षानुवर्षे जात नाहीत. चौथ्या आठवड्यापासून दर आठवड्याला तार पाहावी. काढताना उलटी उकलत बसू नये, कटरने प्रत्येक वेढा तोडून काढावी. तार स्वस्त आहे, फांदी नाही.

तारेशिवायही वळण देता येते. चीनच्या ग्वांगडोंग भागातील लिंगनान पद्धतीत फांदी आधी मोकळी वाढू देतात, ती जाड झाली की ज्या दिशेला वळण हवे त्या दिशेच्या डोळ्यावर कापतात आणि नवा फुटवा पुन्हा वाढू देतात. चिंच, विलायती चिंच, बोगनवेल, करवंद यांना ही रीत उत्तम. द्राक्ष छाटणारे हात ती लगेच उचलतात.

आकाराबद्दल एक मत मांडतो. वडाला पाइनसारखा त्रिकोणी, थर-थर केलेला आकार देण्याची जी पद्धत दिसते ती मला पटत नाही. आपल्या गावचा वड पाहावा. आडव्या पसरलेल्या जाड फांद्या, गोल डोलारा, उतरलेल्या पारंब्या. तोच आकार कुंडीत आणावा. पारंब्या दमट हवेत सुटतात, म्हणून पावसाळ्यात झाडे जवळजवळ ठेवावीत आणि पाणी शिंपडावे. सुटलेली पारंबी शीतपेयाच्या नळीतून खाली सोडून नळीत बारीक माती-शेवाळ भरले तर ती हव्या त्या जागी जमिनीत उतरते. मुळे धरल्यावर नळी चिरून काढावी.

पाने लहान करण्यासाठी वडवर्गीयांची पानतोड करतात. देठ ठेवून पान कापायचे. देठ आठवड्याभरात गळतो आणि त्याच्या बगलेतून लहान पान येते. जूनच्या सुरुवातीला, वर्षातून एकदाच आणि फक्त जोमात असलेल्या झाडावर हे करावे. मुळे नुकतीच छाटली असतील तर पूर्ण पानतोड करू नये.

पाणी, ऊन, खत

पाण्याचे दिवस ठरवून देता येत नाहीत. सांगता येतो तो नियम इतकाच: वरचा थर सुकू लागला की द्यावे आणि द्यायचे तेव्हा खालून निघेपर्यंत द्यावे. शंका असेल तर लाकडी काडी मातीत खोचून दहा मिनिटांनी काढून पाहावी, ओलसर निघाली तर थांबावे. एप्रिल-मेमध्ये उथळ कुंड्यांना दिवसातून दोनदा लागते. सुट्टीत गावाला जायचे असेल तर कुंड्या सावलीत ओल्या वाळूच्या वाफ्यावर ठेवाव्यात. पावसाच्या झडीत कुंडीखाली एका बाजूने वीट ठेवून ती तिरकी करावी, संपृक्त थर निथळतो. स्पंजचाच हा उपयोग. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर बुंध्यावर व कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसतो. अशा ठिकाणी पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी साठवून वापरावे.

बोन्साय दिवाणखान्यातील वस्तू नाही. दिवसातून चार-पाच तास तरी ऊन हवे. पाहुण्यांसाठी दोन दिवस आत आणायला हरकत नाही. उन्हाळ्यात दुपारी मात्र ५० टक्के शेडनेटखाली ठेवावे, कारण उथळ कुंडीतील माती तापून मुळे भाजतात.

खत थोडे आणि वारंवार. वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी १९:१९:१९ एक ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून, किंवा महिन्यातून एकदा चमचाभर निंबोळी पेंड मातीवर पुरेशी आहे.

किडी

नांदरुकाची कोवळी पाने मधोमध दुमडून बंद झाली की आत फुलकिडे असतात. फवारा आत पोहोचत नाही, म्हणून दुमडलेली पाने तोडून नष्ट करावीत आणि मग ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. पिठ्या ढेकूण व खवले कीड मुंग्यांमुळे पसरतात. मुंग्यांची रांग दिसली की फांद्यांची खालची बाजू तपासावी, कीड जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढावी. उन्हाळ्यात पाने फिकट, ठिपकेदार झाली तर कोळी असतो. पानांच्या खालून जोराचे पाणी मारल्याने तो बराच आटोक्यात येतो.

विक्रीचा विचार असेल तर

पूर्ण तयार बोन्साय विकण्याच्या मागे सुरुवातीला लागू नये. त्यासाठी वर्षे आणि कसलेला हात दोन्ही लागतात. पुणे, मुंबई, नाशिककडील बोन्साय करणाऱ्या मंडळींना कच्ची सामग्री हवी असते: जाड बुंध्याची, चांगल्या मूळबैठकीची, एकदा कापलेली, घमेल्यात रुजलेली झाडे. शहरात ती तयार होत नाहीत. बांधावर पन्नास-साठ नांदरुक, विलायती चिंच आणि बोगनवेल फरशीवर लावून ठेवल्या तर मुख्य पिकाला धक्का लागत नाही. तिसऱ्या वर्षी काही झाडे काढायला येतात आणि बाकीची जाड होत राहतात. प्रत्येक झाडाला क्रमांक देऊन लावल्याचे, कापल्याचे आणि कुंडी बदलल्याचे महिने वहीत लिहावेत. जाणकार खरेदीदार झाडाबरोबर ही नोंदही मागतो. नुकतीच मुळे छाटलेली झाडे विकू नयेत. गिऱ्हाइकाच्या घरी ती महिन्याभरात वाळतात आणि तो पुन्हा येत नाही. जमिनीतून काढल्यावर एक पूर्ण पावसाळा घमेल्यात गेलेले झाडच गाडीत चढवावे.